ललिताबाईंचा डोळा आणि आपली नजर

विशेषनाम आणि सामान्यनाम हा भेद आपण शाळेत व्याकरणाच्या तासाला शिकलो. काही नावांच्या बाबतीत मात्र हा भेद टिकत नाही. झोपाळू माणसाला आपण कुंभकर्ण म्हणतो, इकडचे तिकडे सांगणाऱ्याला नारद म्हणतो. मराठी घरांतून असेच आणखी एक नाव कित्येक वर्षे वापरले गेले. नवी सून पहिल्यांदा माहेरी आली आणि तिने मैत्रिणीच्या कानात 'आमच्याकडे अगदी ललिता पवार आहेत बरे का!' एवढेच सांगितले, की पुढचे काही विचारावे लागत नसे. नाव एका नटीचे, अर्थ मात्र खाष्ट सासू.

नटाचे नाव असे भाषेत रुजावे, यापेक्षा मोठी पावती कोणती, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. या नावाबरोबर आपण एक गोष्टही सांगत आलो आहोत, आणि ती चुकीची आहे. घटना खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. तिच्यातून आपण जे तात्पर्य काढतो ते खोटे आहे. या लेखात मला तेवढेच मांडायचे आहे.

गोष्ट अशी सांगतात. ललिता पवार पूर्वी देखण्या नायिका होत्या. १९४२ साली 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाच्या चित्रीकरणात मास्टर भगवान यांना त्यांच्या थोबाडीत मारायची होती. थप्पड जोरात बसली. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, दीर्घकाळ उपचार करावे लागले आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेची कामे संपली. पण त्याच बारीक डोळ्याने त्यांना खलनायिका केले आणि त्या अजरामर झाल्या. शेवटी सांगणारा मान डोलावून म्हणतो, 'बघा, जे होते ते बऱ्यासाठीच!'

हे वाक्य ऐकले की मला स्वस्थ बसवत नाही. ज्या बाईच्या चेहऱ्याचा निम्मा भाग कामाच्या जागी निकामी झाला, तिच्याविषयी 'बऱ्यासाठीच' असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? गिरणीत पट्ट्यात हात सापडून एखाद्या कामगाराची बोटे तुटली आणि पुढे तो डाव्या हाताने उत्तम चित्रे काढू लागला, तर आपण पट्ट्याचे आभार मानू काय? चित्रांचे श्रेय त्या माणसालाच देऊ. मग ललिताबाईंच्या बाबतीतच थपडेला श्रेय का?

आधी त्या थपडेपूर्वीच्या ललिताबाई पाहू. जन्म १९१६ सालचा, नाशिक जिल्ह्यातील येवल्याचा; पैठणीसाठी प्रसिद्ध असलेले तेच येवले. माहेरचे नाव अंबा सगुण. १९२८ साली, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास, त्या मूकपटात आल्या. चित्रपटाला वाचा नव्हती तेव्हा नटाला जे सांगायचे ते डोळे, मान, खांदे आणि हात यांनीच सांगावे लागे. ललिताबाईंची शाळा ती. १९३२ साली 'कैलास' या मूकपटात त्यांनी काम केले आणि त्याच्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता. तेव्हा त्या जेमतेम सोळा वर्षांच्या होत्या. बोलपट आल्यावर १९३७ साली त्यांनी 'दुनिया क्या है' हा चित्रपट काढला. त्याला टॉलस्टॉयच्या 'पुनरुत्थान' या कादंबरीचा आधार होता. विशी-एकविशीतील एका मराठी मुलीने टॉलस्टॉय पडद्यावर आणावा, ही गोष्ट आपल्या वाङ्मय मंडळांतून कितीदा सांगितली जाते? मी तरी ती फारशी ऐकलेली नाही. थपडेची मात्र सर्वांना पाठ आहे.

मराठीतही त्या होत्या. भालजी पेंढारकरांचा 'नेताजी पालकर', वि. स. खांडेकरांच्या लेखणीतून उतरलेला 'अमृत', 'गोरा कुंभार' ही नावे जुन्या रसिकांना ठाऊक आहेत. भालजी आणि खांडेकर दोघेही कोल्हापूरचे, म्हणजे बेळगावकरांच्या दृष्टीने अगदी शेजारचे. सारांश, अपघात झाला तेव्हा ललिताबाईंच्या गाठीला सुमारे चौदा वर्षांची उमेदवारी होती. थप्पड बसली ती एका तयार, कसलेल्या नटीला. ती नवशिक्या मुलीला बसली असती तर आज आपल्याला तिचे नावही माहीत नसते. अपघात झाल्यावर चित्रपटसृष्टीतून कायमची बाहेर पडलेली माणसे थोडी नसतील. त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही, कारण त्या गोष्टींना तात्पर्य नसते.

आता अपघातानंतरचे काम पाहू. १९४४ साली प्रभातचा 'रामशास्त्री' आला. गजानन जागीरदार रामशास्त्री झाले होते आणि ललिताबाई आनंदीबाई. 'ध' चा 'मा' ही दंतकथा मराठी मुलाला बाराखडीबरोबरच ऐकायला मिळते. इतिहासाची कागदपत्रे काहीही म्हणोत, १७७३ सालच्या नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा सगळा डाग लोकांच्या मनात एका अक्षरावर आणि एका बाईवर येऊन बसला. अशी भूमिका करणाऱ्या नटीला प्रेक्षकांचा राग पत्करावाच लागतो. ललिताबाईंनी तो पत्करला, आणि पुढे जन्मभर पत्करला. १९५० साली शांतारामबापूंच्या 'दहेज'मध्ये त्या हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू झाल्या. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा. म्हणजे हा चित्रपट कायद्याच्या अकरा वर्षे आधीचा. बिमल रॉय यांच्या १९५९ च्या 'सुजाता'मध्ये त्यांनी अस्पृश्य मुलीची सावलीही न खपणारी सोवळी म्हातारी केली. १९६१ च्या 'जंगली'त तर घरात हसण्याला बंदी घालणारी आई त्याच! 'संपूर्ण रामायण'मध्ये मंथरा त्या, आणि १९८७ साली दूरदर्शनवरच्या 'रामायण' मालिकेतही मंथरा त्याच. २०२० च्या टाळेबंदीत ती मालिका पुन्हा दाखवली गेली, तेव्हा आज वर्गात बसणाऱ्या पुष्कळ मुलामुलींनी ललिताबाईंना पहिल्यांदा पाहिले, ते मंथरेच्या रूपात.

येथे एक प्रश्न रास्त आहे. हा बारीक डोळा त्या भूमिकांना उपयोगी पडला की नाही? पडला. ते नाकारण्यात अर्थ नाही. मान किंचित तिरकी करून, एक डोळा बारीक करून त्यांनी पाहिले, की चित्रपटातल्या सुनेप्रमाणे थिएटरातल्या बायकाही चपापत. परंतु उपयोगी पडणे वेगळे आणि घडवणे वेगळे. सुताराचा पटाशीचा दांडा मोडला आणि त्याने उरलेल्या तुकड्यावर मूठ बसवून काम चालवले, तर पेटीवरची नक्षी मोडक्या दांड्याने कोरली असे आपण म्हणत नाही.

माझ्या म्हणण्याचा खरा पुरावा दुसरीकडे आहे. डोळा बारीक झाला म्हणून बाई दुष्ट दिसू लागली, हे जर खरे, तर त्याच डोळ्याने त्यांनी जी मायाळू माणसे उभी केली त्यांचे काय करायचे?

'श्री ४२०' आठवा. साल १९५५. मुंबईला आलेला भुकेला तरुण फुटपाथवर केळी विकणाऱ्या बाईपाशी घासाघीस करतो. ही केळेवाली गंगामाई म्हणजे ललिता पवार. प्रसंग दोन-चार मिनिटांचा. पण त्या भांडखोर आवाजाखाली दडलेली माया आपल्याला ताबडतोब कळते. आणि ती कळते म्हणूनच पुढचा चित्रपट उभा राहतो. कारण नायक श्रीमंतांच्या नादी लागून ज्या गरिबांच्या ठेवी लुबाडणाऱ्या योजनेत सामील होतो, ती माणसे याच फुटपाथवरची असतात. प्रेक्षकाला ती परकी वाटली असती, तर नायकाचे पाप पाप वाटले नसते. राज कपूरच्या त्या प्रसिद्ध चित्रपटाचा नैतिक पाया एका केळीवालीच्या टोपलीवर उभा आहे, असे म्हटले तरी चालेल.

त्यानंतर १९५९ चा हृषीकेश मुखर्जींचा 'अनाडी'. येथे ललिताबाई मिसेस डिसा आहेत. मुंबईत खोली भाड्याने देणारी एक ख्रिस्ती म्हातारी. भाडे थकले की ओरडणारी, आणि भाडेकरू उपाशी आहे असे कळले की आतल्या आत तुटणारी. गोव्याशी आणि वसईशी ज्यांचा संबंध आहे अशा वाचकांना असली एक तरी आंटी भेटलेली असेलच. पुढे एका मोठ्या कंपनीचे विषारी औषध घेऊन ही म्हातारी मरते, आणि ज्याला तिने मुलासारखे मानले त्याच्यावरच खुनाचा आळ येतो. चित्रपटाचा उत्तरार्ध हा सारा तिच्या मरणाभोवती फिरतो. तिच्यावर आपला जीव जडला नसता, तर खटल्याच्या प्रसंगाला कोण खुर्चीच्या टोकाशी बसले असते? या भूमिकेसाठी ललिताबाईंना साहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. हृषीदांना त्यांची पारख पुरती झाली होती. १९६१ च्या 'मेम दीदी'त त्यांनी ललिताबाईंनाच मुख्य भूमिका दिली, आणि १९७१ च्या 'आनंद'मध्ये रुग्णालयाची कडक पण प्रेमळ मेट्रन केले.

'प्रोफेसर' (१९६२) हे तर अजब उदाहरण आहे. त्यात त्या भाच्यांना करड्या शिस्तीत ठेवणाऱ्या आत्याबाई आहेत. म्हाताऱ्या शिक्षकाच्या वेषातला शम्मी कपूर घरात येतो आणि या आत्याबाई चक्क त्याच्या प्रेमात पडतात! थिएटरात हशा पिकतो. पण हशा ओसरल्यावर ध्यानात येते, की कोणीच कधी जिच्याकडे वळून पाहिले नाही अशा एका प्रौढ बाईचे एकटेपण आपण आत्ताच पाहिले. त्या लाजतात तेव्हा तोच बारीक डोळा लाजतो.

डोळा एकच, 'दहेज'मध्ये तो जाळतो, 'अनाडी'त तो पाझरतो. मग फरक कशाने पडला? अर्थात अभिनयाने. दोष डोळ्यात नव्हता आणि गुणही डोळ्यात नव्हता. दोन्ही त्या बाईच्या कसबात होते.

तरीही आपण लक्षात काय ठेवले? सासू. मिसेस डिसा नव्हे, गंगामाई नव्हे. याचे कारण ललिताबाईंच्या चेहऱ्यात नसून आपल्या नजरेत आहे. शरीरातील व्यंगाला मनातील व्यंगाची खूण मानण्याची आपल्याला फार जुनी सवय आहे. मंथरेला कुबड आहे. गोष्टीतली चेटकीण वाकडी असते, दरोडेखोराच्या गालावर व्रण असतो, आणि राजपुत्राला साधा तीळही योग्य जागीच असतो! आपल्या बोलण्यातही 'काणा', 'तिरळा', 'लंगडा' हे शब्द निव्वळ वर्णनाचे राहिलेले नाहीत, शिव्यांच्या पंगतीला जाऊन बसले आहेत. चित्रपट बनवणाऱ्यांनी हीच सवय वापरली. नायिकेचे काम करणाऱ्या बाईचा डोळा बारीक झाला, तेव्हा 'हिला आता काय द्यायचे' या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याजवळ तयारच होते. त्यांनी ते आपल्याकडूनच घेतले होते.

या पुस्तकाच्या कन्नड विभागाच्या वाचकांना येथे एक नाव आठवल्यावाचून राहणार नाही: टी. एन. बालकृष्ण, कन्नड प्रेक्षकांचे बालण्णा. त्यांना फार कमी ऐकू येत असे. बोलपटात काम करणाऱ्या नटाला समोरच्याचे वाक्य ऐकू येऊ नये, यापेक्षा मोठी अडचण कोणती? तरीही ते समोरच्याच्या ओठांकडे लक्ष ठेवून आपले वाक्य अचूक वेळी टाकीत. राजकुमार यांच्या अनेक चित्रपटांत कधी खलनायक, कधी विनोदी माणूस म्हणून ते उभे राहिले, आणि बंगळुरात त्यांनी 'अभिमान' नावाचा स्टुडिओ उभारला. बालण्णांचा बहिरेपणा त्यांच्या अभिनयाचे कारण होता असे कोणी कन्नड माणूस म्हणत असेल असे मला वाटत नाही. तो अडथळा होता. त्यांनी तो ओलांडला. ललिताबाईंच्या बाबतीत आपण एवढा सरळ विचार का करू नये?

थपडेच्या गोष्टीने आणखी एक गोष्ट झाकली जाते. जे घडले तो कामाच्या ठिकाणचा अपघात होता. भारतात कामगारांना नुकसानभरपाई देण्याचा कायदा १९२३ साली झाला. पण स्टुडिओ म्हणजे कारखाना आणि नट म्हणजे कामगार, हे मान्य व्हायला फार वर्षे गेली. सिने-कामगारांसाठी स्वतंत्र कायदा संसदेने केला तो १९८१ साली, म्हणजे त्या थपडेनंतर सुमारे एकोणचाळीस वर्षांनी. मारामारीच्या प्रसंगात, घोड्यावरून पडताना, आगीच्या दृश्यात जायबंदी झालेल्या किती दुय्यम नटांची आणि कसरतपटूंची नावे आपल्याला माहीत आहेत? अपघाताची गोड बोधकथा केली, की कोणाला जबाबदारी विचारावी लागत नाही. ज्याच्या हातून थप्पड बसली तोही चित्रीकरणाचाच भाग होता. त्याला गुन्हेगार ठरवण्याचा माझा हेतू मुळीच नाही. प्रश्न आहे तो खोटी थप्पड खरी मारू देणाऱ्या कामाच्या पद्धतीचा.

आणि आता आपल्या अंगणातले थोडे. स्नेहसंमेलन जवळ आले की महाविद्यालयात नाटकाच्या पात्रनिवडीची धांदल सुरू होते. नायक-नायिकेसाठी रांग लागते. आई, सासू, कारकून, म्हातारा नोकर यांच्यासाठी 'कोणी तरी उभे करा' असे म्हटले जाते. पायाने अधू मुलगा चांगला वाचतो, त्याचा आवाज उत्तम आहे, तरी त्याला पडद्यामागे सूचकाचे काम मिळते. ज्या मुलीच्या चेहऱ्यावर भाजल्याचा डाग आहे ती निवडीला येतच नाही. आलीच तर तिला कजाग बाईचे काम द्यावे असे कोणाला तरी सुचते, आणि त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटतही नाही. यात दुष्टपणा नसतो, सवय असते. पण दुष्ट माणसाला निदान बोलता तरी येते. सवय ऐकूनच घेत नाही.

माझी सूचना साधी आहे. पात्रनिवड करताना आधी डोळे मिटून वाक्य ऐका, मग डोळे उघडून चालणे-उभे राहणे पाहा, आणि चेहरा सर्वांत शेवटी. नाटकातल्या सासूचे काम सर्वांत कच्च्या मुलीला देऊ नका. ज्या नाटकात सासू खोटी वाटते, त्यात सुनेचे अश्रूही खोटे वाटतात. इंग्रजीच्या आणि मराठीच्या प्राध्यापकांनी टॉलस्टॉय शिकवताना 'दुनिया क्या है'चा उल्लेख जरूर करावा. चित्रपट मंडळ असेल त्यांनी 'दहेज' आणि 'अनाडी' लागोपाठच्या दोन शनिवारी दाखवावेत आणि मुलांना एकच प्रश्न विचारावा: दोन्हींत डोळा तोच आहे, मग तुमचे मत का बदलले?

'दुय्यम' हा शब्दही एकदा तपासून पाहण्यासारखा आहे. ललिताबाईंच्या नावावर हिंदी, मराठी आणि गुजराती मिळून सातशेहून अधिक चित्रपट सांगितले जातात. १९६१ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. मूकपटापासून दूरदर्शनपर्यंत सुमारे साठ वर्षे त्यांनी काम केले. एवढ्या काळात नायिकांच्या चार पिढ्या आल्या आणि गेल्या. त्यांच्याशी भांडायला, त्यांना छळायला, आणि वेळ आली की पोटाशी धरायला ही बाई तिथेच उभी होती. १९९८ च्या २४ फेब्रुवारीला पुण्यात त्यांचे निधन झाले. एवढ्या मोठ्या कामाला दुय्यम म्हणायचे असेल, तर प्रथम दर्जाचे कशाला म्हणायचे हे आपल्याला नव्याने ठरवावे लागेल.

कोणी म्हणेल, एका जुन्या नटीविषयी एवढा आग्रह कशासाठी? त्या तर आता हयात नाहीत. कोण त्यांना काय म्हणते याने त्यांचे काय बिघडणार? त्यांचे काही बिघडणार नाही हे खरे. बिघडेल ते आपले. संकट आले म्हणून माणूस मोठा झाला, असे आपण म्हणत राहिलो, की ज्याच्यावर संकट आले आणि जो मोठा होऊ शकला नाही त्याला दोष देणे सोपे जाते. 'तिला बघ, थप्पड खाऊनही ती उभी राहिली. तुला काय झाले?' असे विचारता येते. संकटाने माणूस मोठा होत नाही. संकटापूर्वी केलेली मेहनत, संकटात मिळालेली साथ आणि संकटानंतर मिळालेले काम, यांनी तो उभा राहतो. यातले पहिले ज्याचे त्याने करायचे असते. उरलेली दोन बहुतेक वेळा इतरांच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या हातात असतात.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, पुन्हा कधी घरात कोणी रागावून एखादीला 'ललिता पवार' म्हणाले, तर जरूर विचारा: कोणती? 'दहेज'मधली की 'अनाडी'तली?